दुसरी हाक : मराठी ख्रिस्ती आत्मकथन आणि बुलढाण्याची अलिखित साक्ष

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्या समीक्षेत बहुधा धर्मांतराच्या प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही नावे एका ओळीत मांडली जातात. प्रत्येकाचा बाप्तिस्मा हा त्याच्या चरित्रातील कळसाध्याय मानला जातो आणि त्यानंतरचे आयुष्य उपसंहारासारखे उरकले जाते. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, परिवर्तनाची हाक ही धर्माच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला घातलेली असते आणि उंबरठा ओलांडला की तिचे काम संपते. ख्रिस्ती परंपरेतील संदेष्ट्यांचा इतिहास मात्र या गृहीताला पुष्टी देत नाही. तिथे हाक येते ती प्रामुख्याने आतल्या माणसाला.

मराठी बायबलच्या भाषेतच या प्रश्नाची एक खूण सापडते. ईश्वराच्या वतीने बोलणाऱ्या पुरुषासाठी जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात ‘भविष्यवादी’ हा शब्द रूढ होता. पुढे ‘संदेष्टा’ हा शब्द स्थिरावला. पहिल्या शब्दात पुढे काय घडणार हे सांगणारा माणूस आहे, दुसऱ्यात निरोप पोचवणारा. जुन्या करारातील योनाची कथा या दोन अर्थांमधील ताण नेमका दाखवते. चाळीस दिवसांत निनवे नगराचा नाश होईल असे योना सांगतो. नगर ते ऐकते, राजापासून सारे गोणपाट नेसतात, आपल्या वाटेवरून माघारी फिरतात आणि नाश टळतो. भविष्य खोटे ठरते आणि संदेश फळाला येतो. योना मात्र यावर रुसतो, कारण तो स्वतःला अजून भविष्यवादीच समजत असतो.

दुसरी कथा नाथान आणि दावीद राजाची. दावीदाने आपल्याच एका सैनिकाची स्त्री घेतली आणि त्या सैनिकाला युद्धात पुढे धाडून मरू दिले. नाथान राजाला थेट दोष देत नाही. तो एक गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने पाहुण्यासाठी आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची एकुलती एक मेंढी मारली. राजा संतापतो, त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावतो, आणि मग नाथान त्याला सांगतो की गोष्टीतला माणूस तोच आहे. कथनाच्या दृष्टीने पाहता येथे श्रोता पात्र होतो. ज्याने न्याय द्यायचा तोच आरोपी ठरतो. संदेष्ट्याच्या वाणीचे हे मूळ रूप आहे, आणि आमोस किंवा यिर्मया यांच्या लेखनातही ते कायम राहते. त्यांचा रोख परक्या देवांच्या उपासकांपेक्षा स्वतःच्याच समाजातील सणवार पाळणाऱ्या, यज्ञ करणाऱ्या आणि गरिबाला नाडणाऱ्या लोकांवर अधिक आहे.

या हाकेला द्यायच्या प्रतिसादासाठी हिब्रू भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘मागे फिरणे’ असा होतो. ग्रीक नव्या करारात त्याच्या जागी ‘मन पालटणे’ या अर्थाचा शब्द आला. मराठी अनुवादकांनी ‘पश्चात्ताप’ हा शब्द निवडला. त्यात फिरणे नाही, पालटणेही नाही. नंतर होणारा दाह आहे. संतवाङ्मयातील ‘अनुताप’ या शब्दाच्या शेजारीच तो उभा राहतो. मराठी वाचकाला त्यामुळे तो परका वाटला नाही, हा लाभ झाला. पण कृतीचा अर्थ भावनेत मुरला, हे नुकसानही झाले. रडणे म्हणजे पालटणे, असा समज होण्यास या शब्दाने वाट करून दिली. पुढे ज्या सभांचा उल्लेख येणार आहे त्यांच्या संदर्भात ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

टिळकांच्या चरित्रातील सर्वपरिचित प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्यामुळे भाकीत खरे ठरले. चरित्रकारांना या योगायोगाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टिळकांना हलवले ते त्या भाकिताने नाही. हातात आलेल्या पुस्तकातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. त्या प्रवचनाचा विषय ख्रिस्ती कोणी व्हावे हा नाही. धार्मिक म्हणवणाऱ्या माणसाने आपला राग, वासना, दान आणि प्रार्थना तपासून कशी पाहावी, हा आहे. म्हणजे टिळकांनी बाहेरून ऐकलेली हाक मुळातच आतल्यांसाठी होती. तिचा पुरता अर्थ त्यांच्या आयुष्यात उलगडायला आणखी बावीस वर्षे जावी लागली.

रमाबाईंनी हा भेद अधिक स्पष्ट शब्दांत नोंदवला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ती जाणीव सुमारे आठ वर्षांनी आली. या टप्प्यावर त्यांच्या वाचनात हॅस्लम नावाच्या एका अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मचरित्र आले होते. हॅस्लम यांचे परिवर्तन त्यांच्याच व्यासपीठावर, स्वतः उपदेश करीत असताना झाले. नाथानाच्या कथेचे हे आणखी पुढचे रूप म्हणता येईल : येथे वक्ताच आपल्या भाषणाचा श्रोता होतो. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचा अनुभवही याच जातीचा. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका छोट्या सभेत त्यांना जे गवसले, ते दीक्षित धर्मगुरू होऊन आणि अमेरिकेत धर्मकार्य करून परतल्यावर गवसले. पहिली हाक ऐकून आत आलेल्या माणसाला आतल्या दालनात ऐकू येणारी ही दुसरी हाक होय.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जून महिन्याच्या अखेरीस जे उद्दीपन झाले, ते या दुसऱ्या हाकेचे सामुदायिक रूप होते. वेल्समधील १९०४ च्या जागृतीची वार्ता तिथे पोचली होती आणि १९०५ च्या आरंभापासून रमाबाईंनी प्रार्थनेसाठी गट बांधले होते. मुलींनी मोठ्याने आपल्या पापांचा उच्चार केला, त्या रडल्या, तासन्‌तास प्रार्थना करीत राहिल्या, आणि पुढे त्यांच्यातील काही जणी गट करून इतर ठिकाणीही गेल्या. या मुलींपैकी अनेकींना १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांतून रमाबाईंनी उचलून आणले होते. हा तपशील साऱ्या घटनेचा अर्थ बदलून टाकतो. दुष्काळात भाकरीबरोबर धर्म मिळालेल्या माणसाला ‘तू मनाने पालटलास काय?’ असे विचारणे म्हणजे काय, हा प्रश्न इथून उभा राहतो. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी वऱ्हाडात, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यात जावे लागते.

१८९१ ते १९०१ या दशकात बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या दुष्काळामुळे सुमारे १२ टक्क्यांनी घटली. १९०१ च्या शिरगणतीत ती ४,२३,६१६ भरली. मलकापूर, चिखली आणि मेहकर हे त्या वेळचे तालुके. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ मध्ये अकोल्यातून काढून या जिल्ह्यात घालण्यात आले. कापसाच्या बाजारामुळे आणि जलंबहून निघणाऱ्या रेल्वेच्या फाट्यामुळे खामगाव भरभराटीला आले होते. अकोला-खामगाव भागात अमेरिकेतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाले होते. बुलढाणा हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चर्च ऑफ द नाझरीनचे ठाणे बनले. १९०४ मध्ये भारतात आलेले लेटन ट्रेसी यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. या दोन्ही संस्थांचे कूळ एकोणिसाव्या शतकातील ‘पवित्रता’ चळवळीशी जुळते, आणि नाझरीन पंथ तर सरळ वेस्लीच्या परंपरेतला. पापाची क्षमा मिळणे हा पहिला अनुभव. अंतःकरण पूर्णपणे शुद्ध होणे हा दुसरा, आणि तो प्रत्येक ख्रिस्ती माणसाने शोधला पाहिजे, ही त्यांची शिकवण होती. ज्या जिल्ह्यात दुष्काळाने माणसे उन्मळून पडली होती, तिथे आलेल्या या प्रचारकांच्या धर्मविचाराचा गाभाच असा दुसऱ्या हाकेचा होता.

या हाकेला एक दुधारी धार होती. गावाने ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबाबद्दल आपला निवाडा आधीच दिलेला असे : हे पोटासाठी बाटले. मिशनच्या मनातही तीच शंका वेगळ्या शब्दांत असे. हा मनुष्य अन्नासाठी आला की तारणासाठी, हा प्रश्न मिशनरी कार्याच्या चर्चेत दुष्काळानंतर वारंवार डोकावतो. दोन्ही निवाड्यांत एक गोष्ट समान होती. त्या माणसाला अंतर्मन असू शकते, त्याच्या निर्णयाला भुकेपलीकडचे कारण असू शकते, हे दोघांनीही सहजी मान्य केले नव्हते. अशा स्थितीत मनःपालटाची मागणी ही संशयाची पुढची पायरीही होती आणि सन्मानाची पहिली पायरीही. जिथे तुझे मन पालटले काय असे विचारले जाते, तिथे तुला मन आहे हे गृहीत धरलेले असते.

त्या प्रश्नाचे उत्तर ज्या रूपात दिले जाई, त्याला ‘साक्ष’ म्हणतात. शब्द न्यायालयातला आहे आणि तो अचूक आहे. मंडळी जमलेली असताना माणूस उभा राहतो, पूर्वी आपण कसे होतो, काय ऐकले, काय घडले आणि आता कसे आहोत हे सांगतो. या कथनाचा सांगाडा ठरलेला असतो. पूर्वी आणि आता या दोन टोकांमध्ये एक क्षण असतो आणि तो क्षणच कथेचा नायक असतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा साचा कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. सगळ्या साक्षी सारख्याच, असे म्हणून तो पुढे जाईल. पण साचेबंदपणा हे मौखिक परंपरेतील अवगुणाचे लक्षण मानायचे तर अभंगाचेही तेच करावे लागेल. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा हीसुद्धा ठरीव आहे. तरीही ज्या समाजात एखाद्याचे नाव घेणेही तुच्छतेने होत असे, तिथे ओळीच्या शेवटी त्याने स्वतःच आपले नाव ठेवणे ही साधी बाब नव्हती. साक्षीतील ‘मी’ या शब्दाचे वजन याच तराजूत तोलले पाहिजे.

नाममुद्रेचा हा दाखला बुलढाण्याला दूरचा नाही. चोखामेळ्याचे जन्मस्थान परंपरेने देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हेच मानले जाते. चोखोबाच्या, सोयराबाईच्या आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत अनुताप आहे, पण त्या जोडीने एक प्रश्नही आहे : मन शुद्ध असूनही दाराबाहेर का उभे राहावे लागते? व्यक्तिगत परिवर्तनाच्या कोणत्याही धर्मविचाराला हा प्रश्न टाळता येत नाही. मन पालटले आणि वेशीबाहेरची वस्ती तिथेच राहिली, तर पालटले ते काय? मिशनची शिकवण व्यक्तीला उद्देशून होती, पण गाव ती जातीच्या भाषेत वाचत होते. एक माणूस ख्रिस्ती झाला की विहीर, बलुते, सोयरीक आणि प्रेत पुरण्याची जागा यांचे प्रश्न एकदम उभे राहत. पश्चिमेत जो अनुभव एका अंतःकरणापुरता सांगता येत होता, तो इथे सांगताना साऱ्या गावगाड्याला हात लावावा लागे.

याच भूमीत पुढे आणखी एक हाक घुमली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांत ख्रिस्ती मिशनांनी या घोषणेकडे आशेने पाहिले. विदर्भातील बहुसंख्य महार समाज मात्र बौद्ध झाला. आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हेही येथे आठवावे. त्यांच्या हाकेत ‘मागे फिरा’ हा अर्थ कृतीच्या पातळीवर पुन्हा उभा राहिला : सवयी, व्रते, दैवते आणि मानलेला कमीपणा यांपासून माघारी फिरणे. ख्रिस्ती साक्षीने व्यक्तीला ‘मी’ दिला आणि धम्मदीक्षेने समूहाला ‘आम्ही’ दिला, असे म्हणण्याचा मोह होईल. वस्तुस्थिती इतकी नीटस नाही. दोन्हींत दोन्ही होते. प्रमाण वेगळे होते. परंतु एकाच जिल्ह्यातील, बहुधा एकाच वस्तीतील माणसे या दोन हाका ऐकत होती, हे वास्तव कोणत्याही वाङ्मयेतिहासात अद्याप नीट उतरलेले नाही.

आता टिळकांकडे परत यावे लागते, कारण संदेष्ट्याची हाक चर्चच्या आत वळवण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण त्यांचेच आहे. १९१७ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत दोन दशकांहून अधिक काळ घालवल्यानंतर, त्यांनी ती सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचे ठरवले. ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी जो बंधुसमाज कल्पिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी यावेत अशी त्यांची इच्छा होती. बाप्तिस्मा ही भिंत होऊन बसली आहे, परदेशी व्यवस्थेच्या आश्रयाने ख्रिस्ती माणूस आपल्याच लोकांत उपरा झाला आहे, हे त्यांचे निदान होते. ते इतरांना सांगण्याआधी त्यांनी स्वतःवर लागू केले, पगार आणि पद सोडले. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार अपुरा राहिला. पण १८९५ चा टिळक आणि १९१७ चा टिळक यांच्यात जे अंतर आहे, ते हिंदू टिळक आणि ख्रिस्ती टिळक यांच्यातील अंतराहून कमी नाही. समीक्षेने पहिले अंतर वारंवार मोजले. दुसऱ्याकडे तितके लक्ष दिले नाही. त्यांच्या उत्तरकाळातील अभंगरचनेकडे छंदांतर म्हणून पाहिले जाते. तिच्याकडे या दुसऱ्या परिवर्तनाची भाषा म्हणून पाहणे अधिक युक्त ठरेल.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) या साऱ्यात वेगळे उठून दिसते. नवऱ्याच्या धर्मांतराने जवळजवळ पाच वर्षे तुटलेल्या या बाईने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तिच्या कथनात पूर्वी-आता असा एकच तोडलेला क्षण नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न ती स्वतःला विचारते आणि उत्तर सापडले की सोवळ्याची गाठ सोडते. मग पुन्हा कुठेतरी अडते, स्वतःलाच हसते, आणखी एक गाठ सुटते. परिवर्तन ही तिच्या लेखी स्वयंपाकघरात, पंक्तीत, पाण्याच्या भांड्याजवळ रोज पार पाडायची गोष्ट आहे. ‘पश्चात्ताप’ या शब्दात हरवलेली कृती तिने कोणत्याही धर्मशास्त्राची मदत न घेता परत मिळवली. म्हणूनच साक्षीचा साचा मोडूनही ‘स्मृतिचित्रे’ ही मराठीतील सर्वांत खरी साक्ष ठरते.

येथे एक विषमता डोळ्यांआड करता येत नाही. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांना लिपी होती, घरात ग्रंथांचा वारसा होता, छापखाना जवळ होता. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव येथील मंडळ्यांत उभे राहून वऱ्हाडी बोलीत आपली साक्ष सांगणाऱ्या शेतमजूर स्त्रीपुरुषांजवळ यांतले काहीच नव्हते. त्यांचे शब्द उतरले असतील तर ते मिशनऱ्यांच्या पत्रांत आणि अहवालांत, इंग्रजीत, एखाद्या पाळण्यातल्या नावासह आणि बहुधा यशाचा दाखला म्हणून. वऱ्हाडीतला ‘मी’ इंग्रजीत ‘तो’ झाला. ज्या कथनाचे सारे बळ प्रथमपुरुषात होते, ते तृतीयपुरुषात गेल्यावर त्याचा प्राणच गेला. १९७८ मध्ये ‘बलुतं’ प्रसिद्ध झाल्यावर दलित आत्मकथनाने मराठी गद्याची कक्षा बदलली. परंतु त्या प्रवाहातही ग्रामीण ख्रिस्ती दलिताचा आवाज अगदी क्षीण राहिला. ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो पुरेसा साहित्यिक वाटला नाही, आणि दलित साहित्याच्या अभ्यासकाला तो पुरेसा बंडखोर वाटला नाही.

नाथानाच्या कथेची रीत समीक्षेलाही लागू करून पाहता येते. मराठी समीक्षक जेव्हा मिशनऱ्यांनी दुष्काळी माणसाच्या अंतर्मनावर शंका घेतली म्हणून त्यांना दोष देतो, तेव्हा तो श्रीमंत मेंढपाळावर रागावलेल्या दावीदासारखा असतो. ज्याच्या साक्षीची एक वहीही कोणी टिपून ठेवली नाही, ज्याचे धर्मांतर वाङ्मयेतिहासात केवळ संख्येच्या रकान्यात राहिले, त्याला अंतर्मन नाकारणाऱ्यांत वाङ्मयेतिहासकारही मोडतो. वऱ्हाडातील जुन्या मंडळ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या साक्षी घराघरांतील वृद्धांच्या आठवणीत जितक्या शिल्लक असतील, तितक्या त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच प्रथमपुरुषात उतरवून घेणे हे काम अवघड नाही. त्यासाठी ‘ख्रिस्ती साहित्य’ या नावाखाली आपण आजवर कोणाचे ऐकले आणि कोणाचे ऐकले नाही, हे आधी मान्य करावे लागेल. माघारी फिरण्याचा आरंभ तिथून होतो.